आधी तिलाच टेबलावर का?

घरात मूल होत नसेल तर दवाखान्यात आधी कोणाला पाठवता? खरं सांगा. सुनेलाच ना?

ठिणगीलाही असंच पाठवलं. ठिणगी हे तिचं कारखान्यातलं नाव. वेल्डिंग करते, खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवते. लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही, आणि सासूबाईंनी परस्पर निदान करून टाकलं. "दिवसभर आगीपुढे उभी असते. कूस करपली असणार. रिपोर्ट हातात येऊ दे, काम बंद."

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही दोनदा तपासणी सांगितली होती. साधी गोष्ट. डबीत नमुना द्यायचा, संपलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणून त्याने दोन्ही वेळा ते उडवून लावलं. म्हणजे या धडधाकट गड्याला एक डबी जड झाली, आणि बायकोने मात्र एक्स-रेच्या टेबलावर पाय दुमडून पडायचं. कुठला हा न्याय?

पाळी संपताच गर्भनळ्यांच्या एक्स-रेची तारीख मिळाली. तोवर नवऱ्यापासून लांब राहायचं, तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायची, सोबत कोणालातरी आणायचं. नवरा आला, सासूबाईही आल्या. धीर द्यायला आल्या म्हणावं, तर वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, "मालकाला सांगितलंस ना, काम सोडणार म्हणून?"

ठिणगीने सांगितलं होतं, हातातलं फाटक अर्धवट टाकून.

आतली खोली गार. गाऊनचे बंद तुटलेले, एका हाताने धरूनच ती टेबलावर चढली. एक्स-रेवाला दादा शिशाचा जड अंगरखा घालून उभा.

"आता बारीक नळीतून औषध सोडणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते कुठवर जातंय ते तेव्हाच्या तेव्हा पडद्यावर दिसतं. कळ येईल, पण हलू नकोस."

कळ कसली, ओटीपोटाला कोणीतरी पिळा घातल्यासारखं झालं. टेबलाची कड मुठीत धरून ती म्हणाली, "पडदा इकडे वळवा."

"पेशंटला दाखवत नाही, ताई," दादा म्हणाला.

"पोट कोणाचं आहे?"

"वळव रे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पडद्यावर गर्भपिशवी हळूहळू भरली. दोन्ही अंगांना दोऱ्याएवढ्या नळ्या उमटल्या आणि त्यांच्या टोकांतून औषध धुरासारखं बाहेर पसरलं.

"सांडलं की हो. वाईट आहे?"

"उत्तम आहे. दोन्ही नळ्या मोकळ्या, पिशवीही छान."

"आणि करपलेलं?"

"काय करपलेलं? कोणी सांगितलं हे? आता नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय मी तुला पुढे हात लावणार नाही."

चार वर्षं शेजारपाजारचं बाळ कोणी ठिणगीच्या हातात दिलं नव्हतं. ते सगळं एकदम तिच्या डोक्यात गेलं. कपडे चढवून, पोट धरून ती बाहेर आली.

"काय निघालं?" सासूबाई उठल्याच.

"काही नाही. सगळं मोकळं आहे."

"मशीन चुकतं कधी कधी. दुसरीकडे करून घेऊ."

"घेऊ की, आई. आता तुमच्या मुलाची करून घेऊ."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. मी आत सगळं उघडं टाकून आले, तुम्हाला नुसत्या आवाजाची लाज वाटते?"

नवरा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला. "घरी जाऊन बोलू."

"घरी चार वर्षं बोललो. ती समोर खिडकी. जा, नाव घाल."

"आणि नाही घातलं तर?"

"तर मी इथून माझ्या आईकडे जाते आणि उद्या तिथूनच कामावर. तुझा हट्ट आजवर मी अंगावर घेतला. यापुढे तुझा तू निस्तर."

बाकावरच्या बायकाही आता उघड उघड बघत होत्या. अखेर तो उठला, खिडकीशी जाऊन काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला, काय तपासायचंय?" आतून कारकून म्हणाला.

त्याने मोठ्याने सांगितलं. कान लालबुंद झाले, पण सांगितलं. आभाळ काही कोसळलं नाही. ठिणगीने तिथूनच मालकाला फोन लावला. "काम सोडत नाहीये. ते फाटक दुसऱ्या कोणाला देऊ नका."

त्याचा निकाल काय लागला ते मला विचारू नका. तुम्ही एवढंच करा. सुनेला त्या टेबलावर चढवण्याआधी मुलाच्या हातात डबी द्या. याच आठवड्यात द्या.