साहेबाचा पट्टा

शेठचा बंगला वरंधच्या वरच्या अंगाला, घाटरस्त्यापासून जरा आत. पुढं फनसाचं झाड, मागं दरी. शेठ पुन्याला ऱ्हायचे, राखनीला मी. मीच का, तर गावात माझ्याएवढा रिकामा दुसरा कोन नव्हता. शाळेत मी दोन दिस गेलो, त्यातला एक रविवार होता.

दिवाळी झाल्यावर शेठ गाडीतनं एक पिल्लू घेऊन आले. काळं, गुबगुबीत, पाय बघावे तर मोठ्या कुत्र्याचे. थंडीच्या मुलखातली जात हाय बोलले. नाव इंग्रजी ठेवलेलं, ते माझ्या जिभेवर काय चढलं नाय. मी त्याला साहेब बोलायला लागलो. बरोबरच होतं ते. मी भात शिजवायचो, तो बसून बघायचा.

शेठ बोलले, "हा खूप मोठा होणार. महाडला जा आणि मजबूत पट्टा घे. आणि त्याला आराम वाटला पाहिजे, बरं का."

मी 'मजबूत' तेवढं घेतलं, बाकीचं शेठबरोबर पुन्याला गेलं.

पहिला पट्टा बाजारातनं आनला, लाल, घुंगरावाला. आठ दिवसांत साहेबानं त्यातनं मुंडी काढली आनि शेजारनीच्या चार कोंबड्या मारल्या. शेजारीन माझ्या नावानं जे काय बोलली ते मी इथं सांगत नाय, माझ्या आईचा पन त्यात उल्लेख होता. मला आला राग. ट्रकवर माल आवळायचा नायलॉनचा पट्टा असतो ना, त्याचा तुकडा मिळवला आनि साहेबाला घेऊन हायवेच्या ग्यारेजवर गेलो. बोललो, "बक्कल नको. बक्कल असलं की निघतं. रिबीट मार."

ग्यारेजवाला बोलला, "अरे, वाढेल ना हा?"

"वाढू दे की. पट्टा मजबूत हाय."

त्यानं दोन रिबिटी ठोकल्या. आता हा ब्रह्मदेवाला पन निघत नाय, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. छाती फुगवून सांगितलं.

साहेब वाढला. असा वाढला की होळीपर्यंत माझ्या कमरेला लागला. मानेभोवती सिंहासारखी आयाळ आली आनि पट्टा त्या केसात गुडूप झाला. आनि मी त्याला भ्यायला लागलो. ही गोष्ट मी कोनाला बोललो नाय. शेठचा फोन आला की "एकदम टकाटक, शेठ, माझ्या मांडीवर झोपतो" असं सांगायचो. खरं म्हनजे मी भाताचं ताट बांबूनं ढकलायचो, आनि साखळीची कडी झाडाला गुंतवली होती ती चार महिने तशीच.

पाऊस लागला. घाट बंद झाला, शेठचं येनं बंद झालं. आमच्याकडं श्रावनात धुकं दुपारचं पन दरीतनं वर चढतं आनि हातभरावरची भिंत दिसत नाय. त्या धुक्यात तो आवाज पहिल्यांदा आला.

मी पडवीत विडी ओढत होतो. फनसाच्या बाजूनं आला. भुंकनं नाय, गुरगुरनं नाय. मानसाचा वाटायचा. कोनीतरी तुमचं नाव घेऊन हाक मारायला जातंय आनि पहिल्याच अक्षराला अडकतंय, असा. हर्र... आनि थांबायचं. मग पुन्हा हर्र. मी विडी तिथंच टाकली आनि घरात जाऊन दार लावलं. भर दुपारी.

रोज यायला लागला तो. आनि वास. फनस पिकून खाली पडतात, सडतात, गोड वास सुटतो, तसा. पन फनस संपून महिना झाला होता. वास आपला तसाच. साहेब भात टाकायला लागला. त्याहून वाईट, टाकलेल्या भाताला कावळा शिवेना. ते बघून माझ्या अंगावर काटा आला. कावळा शिवत नाय म्हनजे कोनाची तरी इच्छा ऱ्हायलीय. कावळ्याला कुत्र्याची भीती वाटत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाय. माझ्या डोक्यात सरळ गोष्ट येतच नाय, तिला आत यायला वाट नाय.

मी गावभर सांगितलं. आवाज मी ऐकला होता तेवढाच, पन सांगताना त्याला पाय दिले, पांढरं धोतर दिलं, हातात कंदील दिला. चहाच्या टपरीवर मला लोक चहा पाजायला लागले. दोघंजन ऐकायला वर आले. धुक्यात उभे ऱ्हायले, हर्र झालं, आनि त्यातला एक चप्पल सोडून पळाला. मग तर काय, मी खराच ठरलो. जन्मात पहिल्यांदा.

बायको तेवढी बोलली, "अवो, कुत्रं भुंकत नाय महिनाभर. तुमच्या ध्यानात आलंय का?"

"ते पन भ्यालंय गो."

"भ्याल्यालं कुत्रं जास्त भुंकतं. तुमच्यासारखं."

शेवटी गावानं गुरवाला सांगून देवीला कौल लावला, जागेला बाधा हाय का म्हनून. देवीच्या अंगावर फुलं लावतात, उजवं पडलं की होकार. फूल उजवं पडलं. गुरव बोलला, "जागेला राखनदार हाय तो कुत्रा. त्याच्या गळ्यात काळा दोरा बांध, म्हनजे बाधा सुटेल." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मांडीवर झोपतो, हे मी शेठलाच नाय, गावाला पन सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंधरा-वीस मानसं बंगल्याच्या दगडी गडग्याबाहेर उभी. आत मी एकटा, हातात काळा दोरा. धुकं इतकं की साहेब दिसत नव्हता, फक्त हर्र येत होतं. मी आवाजावर चालत गेलो. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाय, मी आपला "साहेब, साहेब" करत होतो, हापिसात आल्यासारखा.

तो फनसाच्या बुंध्याला टेकून पडला होता. उठला नाय. डोळे माझ्यावर. मी गुडघे टेकले, डोळे मिटले आनि दोन्ही हात आयाळीत घातले. दोरा मागनं फिरवायचा तर आधी पट्टा हाताला लागायला पायजे. पट्टा लागेना. केसात बोटं फिरवली, पट्टाच नाय. माझ्या मनात आलं, निघाला की काय? ब्रह्मदेवाला न निघनारा पट्टा काढला कोनी? आनि मग माझी बोटं खाली गेली. मानेत खोल खाच होती, गोल, ओली, गरम. बोटाचं पेर आत गेलं. आत, मासाच्या आत, कडक काहीतरी लागलं. रिबीट.

त्याच वेळी तो हर्र बोलला, आनि तो आवाज माझ्या बोटाखाली थरथरला.

मी तिथंच बसलो. भूत माझ्या हाताला लागलं होतं आनि ते मीच ठोकून घेतलं होतं, हायवेच्या ग्यारेजवर, उभा ऱ्हाऊन. बाहेरनं लोक ओरडत होते, "बांधला का रे?" मी बोललो, "बांधलाय. दिवाळीलाच बांधलाय." ते हसले. त्यांना वाटलं मी नेहमीसारखा फिरकी घेतोय.

मी फोन केला, महाडची ढोरांची डॉक्टरीनबाई मोटारसायकलवरनं आली. पोरगीच, माझ्या भाचीएवढी. तिनं साहेबाला सुई दिली, तो झोपल्यावर केस भादरले आनि उजेडात ती मान मी पहिल्यांदा बघितली. पट्ट्यावर कातडी चढली होती. बाई कापत होती, मी बॅटरी धरली होती आनि बॅटरी हलत होती.

"हात स्थिर ठेवा, काका."

"माझा नाय हो हलत, बॅटरी हलतेय."

तिनं वर बघितलं पन नाय. एवढंच बोलली, "अजून आठवडा गेला असता तर श्वास बंद झाला असता. आताही सांगता येत नाही." पिकअप गाडी करून त्याला महाडला दवाखान्यात नेलं. कापलेला पट्टा बाईनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

मी बंगल्यावर परत आलो. झाडाखाली साखळी पडलेली, कुत्रा महाडला. दुपार झाली, धुकं चढलं, आनि आवाज आला. हर्र. फनसाखालनं. मी पडवीत उभा होतो, कान उघडे होते, पिलेला नव्हतो. दोनदा आला. माझ्या कानात शिल्लक होता का झाडाखाली, मला म्हाईत नाय. जन्मभर खोट्या गोष्टी सांगून चहा पिलो, आनि ही एक खरी घडली ती त्या वर्षी मी कोनाला सांगितली नाय.

दुसऱ्या दिवशी आधी दवाखान्यात गेलो. साहेब जिता होता. जखमेच्या वर सुतळीनं मान मापली आनि तीच सुतळी घेऊन महाडातल्या एका चाचाकडं गेलो. चाचा मोटारसायकलची शिटं शिवतो, त्याचा बाप टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचा. मी बोललो, "मोठ्या कुत्र्याला पट्टा पायजे. मजबूत आनि आरामाचा. दोन्ही."

चाचा बोलला, "आधीचा कुठंय?"

मी पिशवी दिली. त्यानं पट्टा बाहेर काढला, चष्मा वर केला, चिकटलेले केस बघितले, वास घेतला.

"हा कोनी बांधला?"

"एका मूर्खानं."

"त्याला घेऊन ये इकडं."

"आलाय, चाचा."

चाचानं पट्टा परत पिशवीत घातला. मग दुकानात टांगलेलं एकेक काढायला लागला. लोखंडी साखळीचा पट्टा दाखवला. "हा तुटत नाय, पन केस खातो आनि मग कातडी खातो." नायलॉनचा दाखवला. "भिजला की घासतो, तुझ्याकडं चार महिने पानी." बारीक चामड्याचा बघून मीच नको बोललो, बारीक म्हटलं की मला ती खाच दिसायला लागली होती. शेवटी त्यानं जाड चामडं काढलं, चार बोटं रुंद, आतनं नमदा शिवायचा ठरवला. नमदा म्हनजे घोड्याच्या खोगिराखाली घालतात ते मऊ कांबळं. "रुंद असला की ओढ एका जागी बसत नाय, सगळ्या मानेवर वाटली जाते. पावसात नमदा भिजला तर काढून वाळवायचा, दुसरा देतो." बक्कल पितळेचं, कडी जाड, दुहेरी शिवन.

संध्याकाळी शिवून झाल्यावर मी विचारलं, "धरेल ना? वाघाएवढा हाय तो."

त्यानं पट्टा आढ्याच्या हुकाला अडकवला. "लटक."

मी लटकलो. समोरचे दुकानदार बघायला आले. पट्टा काय हलला नाय, पन माझी विजार सरकली. सगळं महाड हसलं असेल, मला त्या दिवशी ते बरं वाटलं.

निघताना चाचा बोलला, "दोन बोटं सपाट आत गेली पायजेत. तीन गेली तर निसटेल, एक गेली तर मरेल. आनि रोज बघायचं. तो जिता हाय, मान तशीच ऱ्हात नाय."

साहेब परत आला. मागच्या खोलीत ठेवला, गळा मोकळा, जखमेवर मलम. आवाज तोच ऱ्हायला, आतली शीर दुखावली बोलली बाई. शेठला फोनवर खरं सांगितलं. मग ते बोलले, "जखम भरली की पट्टा घाल. मोकळा सुटला तर लोक त्याला मारतील." ते खरंच होतं. गनपतीला मुंबईवाले येनार, पोरं अंगनात खेळनार. गावाला पन मी पट्ट्याचं सांगितलं, माझ्या हातानं झालं म्हनून. कोनी मानलं नाय. उलट राखनदाराला म्हनून गडग्यावर रोज नारळ यायला लागला.

जखम भरली. मी नवा पट्टा घेऊन खोलीत गेलो आनि तो, एवढं मोठं जनावर, कोनाला न भिनारं, माझ्या हातातला पट्टा बघून सरपटत मागं गेला. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला, मुंडी खाली घालून, गळा लपवून. चार दिवस असंच. बाईला फोन केला तर ती बोलली, पट्ट्याला तुमचा वास लागू द्या. मी तो माझ्याच गळ्यात घालून फिरायला लागलो. बायको बोलली, "बरा दिसतोय. साखळी आनू?"

पाचव्या दिवशी दुपारी खोलीत त्याच्यासमोर बसलो. धुकं खिडकीतनं आत आलं होतं, तो कोपऱ्यात नुसता काळा ढीग दिसत होता. मला काय वाटलं कोन जाने, मी बक्कल सोडलं आनि पट्टा ओढला, एक भोक, मग दुसरं. बोट जाईना. आनखी एक ओढला. डोळ्यांपुढं पांढरं झालं. साहेबाला हाक मारायला गेलो, आनि माझ्या गळ्यातनं तो आवाज निघाला. हर्र. तोच.

कोपऱ्यातला ढीग उठला.

तो चालत आला, घाई नाय. त्याचा श्वास माझ्या तोंडावर, मग गळ्यावर. माझी बोटं बक्कलावर घसरत होती, निघेना. त्यानं पट्ट्याच्या कडेला नाक लावलं, दात चामड्याला लागल्याचा आवाज आला. मी बोललो, म्हनजे बोललो कुठं, ओठ हलवले. मग बक्कल सुटलं आनि मी खोकत खाली पडलो.

साहेब हलला नाय. माझ्यावर उभा होता. मी पडल्या पडल्याच पट्टा त्याच्या मानेभोवती नेला. भरलेल्या जखमेवर केस नव्हते, कातडी गुळगुळीत, पोराच्या गालासारखी. बक्कल लावलं. दोन बोटं घातली, सपाट. गेली. तिसरं घालून बघितलं, गेलं नाय.

बोटं काढायची होती, पन काढली नाय. आत त्याची शीर उडत होती. बाहेर कोनीतरी गडग्यावर नारळ फोडला आनि घाईनं पळत गेलं.