सांधा चुकलेली भिंत

२००७ सालची गोष्ट. रत्नागिरीत, घराच्या पडवीत कॉम्प्युटर मांडून मी मोबाईल गेमसाठी एक भिंत बनवत होते... चिऱ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाची.

नवरा कुवेतला. सासूबाई एकट्या पडतील म्हणून मी पुण्याची नोकरी सोडून इथे आले, आणि सहा महिन्यांत त्याच गेल्या. मग मी आणि ते घर... जुन्या ऑफिसने घरून काम दिलं होतं, पण दिवसभर बोलायला कुणी नसे.

तेव्हाच्या फोनमध्ये मोठं चित्र मावत नसे. म्हणून चार-सहा चिऱ्यांचं छोटंसं टेक्स्चर काढायचं आणि तेच शेजारी-शेजारी, वर-खाली रिपीट करून अख्खी भिंत भरायची. माझं टेक्स्चर दोनदा परत आलं होतं. 'शिक्के मारल्यासारखं दिसतंय', एवढाच ईमेल. तिसऱ्यांदा परत आलं, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

त्याच आठवड्यात आमची कुंपणाची भिंत बांधायला देवरुखकडचे शांताराम गवंडी येत होते. दुपारी चहा द्यायला उठले, तर ते पडवीच्या पायरीवर थांबून स्क्रीनकडे बघत होते. हे काय करता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं... बऱ्याच महिन्यांनी कुणाला तरी सांगितलं.

ते खाली बसले, नीट बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ही भिंत उभी ऱ्हायची नाय. सांधे सगळे एकाखाली एक आलेत. वरचा चिरा खालच्या सांध्यावर बसाय हवा."

मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. प्रत्येक चित्राच्या कडेला सांध्याची एक सरळ उभी रेघ पडत होती, आणि म्हणूनच जोड दिसत होता.

मग एकाआड एक थर अर्धा चिरा सरकवला. उजव्या कडेला कापला गेलेला अर्धा चिरा डाव्या कडेला पुरा केला... आणि चित्र कुठे संपतं, ते मलाच सापडेना. ते टेक्स्चर पास झालं.

त्यांना सांगायचं होतं. पण तोवर त्यांचं काम संपलं होतं, आणि देवरुखकडच्या नेमक्या कुठल्या गावचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तो गेम चालणारे फोनही आता कुणाकडे नसतील. पण त्या अख्ख्या वर्षात, मी काय करते हे विचारून, बसून बघणारं एकच माणूस भेटलं... त्याचे आभार मानायचे राहिले, ते आज इथे मानते.