खाडीकाठचा मुक्काम

एका लिलावात मला इंग्रजी फौजेचा रस्त्यांचा जुना नकाशा मिळाला. त्यात पेशव्यांवरच्या स्वारीतले मुक्काम दाखवले होते. त्यावर बोट फिरवत मी कल्याणात भेटेल त्याला सांगे, की इंग्रजांचा सेनापती आपल्या खाडीकाठी अर्धा दिवस बसून राहिला तो निव्वळ भित्रेपणाने. समोर तर सरळ वाट होती!

मेहुण्याचं लग्न भिवंडीला ठरलं. नावेसाठी खोळंबण्यापेक्षा त्याच वाटेने बैलगाड्या नेऊ, असं मी सासऱ्यांना पटवलं. गोरज मुहूर्त होता. खाडीशी पोहोचलो, तर नकाशातल्या वाटेवर गळ्याएवढं पाणी! वाट ओहोटीपुरतीच होती. जन्म खाडीकाठी गेला, तरी भरतीची वेळ पाहायचं मला सुचलं नव्हतं.

बाशिंग बांधलेला मेहुणा म्हणाला, “भावोजी, पोहत जाऊ का?”

“थांब रे,” सासरे म्हणाले, “जावईबापूंना पलीकडे शत्रू दिसला असेल.”

पाणी उतरेपर्यंत बसलो. मुहूर्त टळला, भटजींना दुसरा शोधावा लागला. चिखलाने माखलेलं वऱ्हाड पाहून वधूपित्याने विचारलं, “एवढा उशीर?”

सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमच्या जावयांचा युद्धशास्त्राचा अभ्यास चालू आहे. नवरदेव शाबूत आणलाय, एवढं गोड मानून घ्या.”