चौदा सेकंदांतल्या प्रमिलाताई

प्रमिलाताई गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. गावाच्या ग्रुपवर सकाळीच कोणीतरी त्यांचा फोटो टाकला होता. अंगणवाडीच्या दारात त्या उभ्या होत्या, उन्हामुळे डोळे किंचित मिटलेले. फोटोखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. मी एकेक नाव वाचत खाली गेलो… मागच्या विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी याच ग्रुपवर त्यांचा तो व्हिडिओ आला होता, आणि आता हात जोडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी तेव्हा तो पुढे पाठवला होता. मी तेव्हा काही लिहिलं नव्हतं. त्या सकाळीही लिहिलं नाही. मेंदूतली नस फुटली म्हणून त्यांना नागपूरला नेलं होतं, तीन दिवसांत सगळं संपलं. दुपारी त्यांना घेऊन गाडी आली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

प्रमिलाताईंचं माहेर जाम नदीकाठचं सावरगाव, सासर सौंसरजवळचं आमचं गाव. वीस-बावीस वर्षं त्यांनी गावची अंगणवाडी सांभाळली. त्यासोबतच मतदार यादीचंही काम त्यांच्याकडे होतं, म्हणजे आमच्याकडे ज्याला बीएलओ म्हणतात ते. मी शाळेत मास्तर. शाळेत दोन मतदान केंद्रं, एकाची यादी त्यांच्याकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. मी शाळेच्या टेबलावर बसून अर्ज मागवायचो. ताई मात्र घरोघरी फिरायच्या. कोण कामाला बोरगावच्या कारखान्यात लागलं, कोणाच्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच यादीत आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. एकदा मी म्हटलं, इतकं कशाला फिरता उन्हात. तर म्हणाल्या, “सर, यादीत नाव नसलं का माणूस दारातून वापस जाते. त्याचं तोंड पाहवत नाही मले.”

त्या मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघं शेजारी-शेजारी टेबल टाकून चिठ्ठ्या देत होतो. दहाच्या सुमारास बायजाबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू. दर निवडणुकीत त्यांचा मुलगा सोबत यायचा आणि त्यांच्या वतीनं तोच बटण दाबायचा, नियमात ते बसतं. त्या दिवशी मुलगा छिंदवाड्याला अडकला होता आणि बाई शेजारणींसोबत निघून आल्या होत्या. त्यांनी ताईंना विचारलं, मशीन कशी असते गं? व्हरांड्याच्या भिंतीवर मशीनचं मोठं चित्र लावलेलं होतं, लोकांना समजावं म्हणून वरूनच आलेलं, नावांच्या जागा कोऱ्या. ताईंनी बाईंचं बोट धरून त्या कागदावर ठेवलं, वरून खाली एकेका निळ्या ठिपक्यावर फिरवलं आणि सांगितलं की हे असं दाबायचं, लाल दिवा लागतो, लांब आवाज येतो. मग बोट सोडलं. बाई भिंत चाचपत दारापर्यंत गेल्या आणि आत एकट्याच शिरल्या. हे सगळं माझ्यापासून दोन हातांवर घडलं.

कंपाउंडच्या पलीकडून कोणीतरी ते टिपलं होतं. चौदा सेकंद. त्यात भिंत दिसत नाही, फक्त निळे ठिपके, म्हातारीचं बोट आणि ताईंचा हात. एका यूट्यूब चॅनेलनं त्यावर ‘बोट पकडून मतदान’ अशी पट्टी लावली आणि दुपारच्या जेवणापर्यंत ते सगळ्या फोनांवर पोचलं. एका पक्षाचे लोक म्हणाले, बाई समोरच्यांना मतं पाडून देते आहे. निकाल लागल्यावर हरलेल्या दुसऱ्यांनीही तोच व्हिडिओ काढला आणि त्याचा उलटा अर्थ लावला. खाली लिहिणाऱ्यांनी ताईंच्या समाजाचं नाव घेऊन जे लिहिलं, ते इथं उतरवत नाही.

ताईंना निवडणूक कार्यालयाची नोटीस आली. तोंडी ताकीदही आली की चौकशी संपेपर्यंत कोणत्याही कर्मचाऱ्यानं पत्रकारांशी किंवा सोशल मीडियावर एक शब्द बोलायचा नाही. ती ताकीद ताईंना होती, तशी मलाही होती. मी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या, ‘मी तिथे होतो, ते भिंतीवरचं चित्र आहे’, आणि अंगठा थांबला. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. मी ओळी पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिल्या, पुन्हा पुसल्या… ताईंना हे मी कधी सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना ठाऊक असावं.

त्या काळात त्या एकदाच मोकळ्या बोलल्या. म्हणाल्या, “माह्या माहेरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, सर. नदीच्या दोन्हीकडून गोटे येतात, पण ज्याले खेळाचं नाही तो घरात जाऊन कडी लावते. मी तं घरातच बसून राहिलो, अन् गोटे फोनातून येऊन राहिले.”

चौकशीचे साहेब आले तेव्हा मी लेखी बयान दिलं. मग साहेब बायजाबाईंच्या ओसरीवर गेले. मुलगा शेजारी उभा होता, त्यानं आईला आधीच गप्प राहायला सांगितलेलं होतं. साहेबांनी विचारलं, तुमचं बटण कोणी दाबलं?  बाई मुलाच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, “इतके वर्स ह्यानं दाबलं. मी कोणाले देतो, मलेच मालूम नसे. ह्या बारीले म्या दाबलं.” मुलगा आत निघून गेला. त्या बाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं मत स्वतः दिलं होतं, आणि नेमक्या त्याच मताला सगळा जिल्हा चोरीचं मत म्हणत होता.

सात महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं, इथला सरकारी कारभार हिंदीत म्हणून हिंदीतच: ‘शिकायत निराधार पाई गई’, तक्रारीत तथ्य नाही. ताई ते पत्र घेऊन चॅनेलवाल्याकडे गेल्या. मी सोबत होतो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्र वाचलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, “ताई, खंडन कोणी पाहत नाही. तुमी कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता रडल्या, तं चालंन.” ताईंनी पत्राची घडी घातली आणि त्या उठल्या. 

यादीचं काम सोडण्यासाठी त्यांनी दोनदा अर्ज दिला. दुसरं माणूस नाही म्हणून दोन्ही नामंजूर झाले. पुढच्या पुनरीक्षणात पुन्हा तीच घरं, तीच दारं. दार उघडायच्या आधी लोक फोन समोर धरायचे. एका घरी तर लहान मुलीनं ओरडून सांगितलं, आई, व्हिडिओवाली बाई आली. ताई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून अर्ज पुढे करायच्या आणि हात मागे बांधून घ्यायच्या. अंगणवाडीतही त्यांनी मुलांचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवणं सोडलं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “सवयच गेली, सर.” खरं तर सवय गेली नव्हती. हात उठायचा आणि अर्ध्यावरून परत जायचा. मी पाहिलं आहे.

लोक म्हणतात, आता दोन वर्षं झाली, कोण लक्षात ठेवतं. पण तो व्हिडिओ अजून तिथेच आहे. पत्र फाइलीत आहे. मी आता निवृत्त आहे, माझ्यावर कोणतीही ताकीद नाही, म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी वाचायला हवं होतं त्या मात्र नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे यजमान मधुकरराव पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत तोलाईचं काम करतात, त्या दिवशी घरीच होते. थोड्या वेळानं कोमल आली. ताईंच्या जागी यादीचं काम आता तिच्याकडे आहे. मयत माणसाचं नाव कमी करण्याचा अर्ज तिच्या पिशवीत होता. या कामाची ताईंची एक पद्धत होती, ती मला कोमलकडूनच कळली. ज्या घरचं नाव खोडायचं, त्या घरी आधी बसायचं, गेलेल्या माणसाबद्दल विचारायचं, आणि घरचे बोलून झाल्याशिवाय पेन काढायचं नाही. कोमल बसली. तिनं विचारलं, “काका, ताई घरी कशा होत्या?”

मधुकरराव चार आठवडे कोणाशी धड बोलले नव्हते. ते बोलू लागले. लग्नात नदीला पूर होता तिथून सुरुवात केली, मग पहिल्या पगाराची साडी, मग पोरीचं कॉलेज… चहा निवला. उन्हं ओसरीवरून उतरली. व्हिडिओचा विषय अजून आलाही नव्हता.

कोमलनं पिशवी खांद्याला लावली आणि ती उठली. “आज राहू द्या, काका. तुमचं बोलणं व्हाचं आहे. मी उद्या येतो.”

त्या दिवशी यादीत ताईंचं नाव तसंच राहिलं.