अठरा इंच

"तेरा," असं म्हणून ह्यांनी टेप गळ्यात टाकली. "पाच इंच कमी पडतंय."

गिऱ्हाइकाला कापड कमी पडल्याचं सांगायचा ह्यांचा एक ठरलेला आवाज आहे, अगदी तोच. आमच्या हॉलच्या लाल जमिनीवर ह्यांनी कपड्यावर खुणा करायच्या खडूने दोन रेघा मारल्या होत्या. एका रेघेवर मी उभी, एका हातात खिडकीचा गज, दुसऱ्या हातात काठी. पलीकडच्या रेघेपर्यंत माझा पाय काही पोचत नव्हता. मला असा संताप आला! "मी काय ब्लाउजपीस आहे?" म्हटलं. "आहे तेवढी आहे. आता जोड कुठून लावणार?"

"बघू," हे म्हणाले आणि मापाच्या वहीत तेरा लिहून खाली गेले.

आमचे हे शिंपी. कुवेंपुनगरात खाली दुकान आणि वर घर. चाळीस वर्षं ह्यांनी मैसूरच्या बायकांचे ब्लाउज शिवले. जगातली कुठलीही अडचण आली की हा माणूस आधी टेप काढतो. घरात आम्ही मराठी बोलतो, असं आपलं आम्हीच म्हणतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला ते निम्मं कन्नडच वाटलं होतं.

तर ही अठरा इंचांची भानगड आमच्या लेकीने लावून दिलेली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिने बेंगळुरात बसल्या बसल्या आमचं जहाजाचं तिकीट काढलं. कोचीहून निघायचं आणि समुद्रातली बेटं बघून परत यायचं. मी जन्मात समुद्रात पाय बुडवला नव्हता. लग्न झालं तेव्हापासून हे "पुढच्या वर्षी मंगळूरला जाऊ" म्हणत होते. अशी चाळीस पुढची वर्षं गेली! त्यामुळे तिकीट हातात पडल्यावर मी चक्क नाचायची बाकी होते. मग ह्यांनी दुकानात चष्मा लावून सगळे नियम वाचले, लेकीने न वाचलेले. बेटापाशी पाणी उथळ असतं म्हणून मोठं जहाज लांबच उभं राहतं. तिथून लहान बोटीत बसून किनाऱ्यावर जायचं. जहाज आणि बोट यांच्यामधलं साधारण दीड फुटाचं अंतर प्रवाशाला स्वतःच्या पायाने ओलांडता आलं पाहिजे. ज्याला जमणार नाही त्याने जहाजावरच थांबायचं, आणि जमेल की नाही ते तिथला अधिकारी ऐनवेळी ठरवणार.

माझ्या डाव्या मांडीत सळई आहे. दोन वर्षांपूर्वी सिटी बस पुरती थांबायच्या आत मी पाय खाली टाकला. दोष कुणाचाच नाही, माझाच. मला थांबणं माहीतच नाही. दूध उतू जायच्या आधीच मी गॅस बंद करते आणि मग ते कच्चं राहतं, अशातली मी. तेव्हापासून तो गुडघा वाकायचा तेवढाच वाकतो.

पण पडल्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही, जेवढं नंतरचं वाटलं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा गल्लीतल्या चौघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून वर नेलं. माणसं चांगली हो, त्यांना काय बोलणार! पण एक म्हणतोय "तिकडून धर," दुसरा म्हणतोय "निधान, निधान," म्हणजे हळू, आणि समोरच्या बायका गॅलरीतून बघतायत. मी डोळे मिटून घेतले होते. वर पोचल्यावर ह्यांना सांगितलं, यापुढे मला कोणी उचलायचं नाही. जिथे स्वतःच्या पायाने जाता येणार नाही तिथे मी जाणार नाही. आणि खरंच गेले नाही. लग्नं चुकवली, देवळाला पायऱ्या म्हणून देऊळ सोडलं. दोन दसरे टीव्हीवर बघितले, मैसुरात राहून!

म्हणून ते दीड फूट. जहाजावर एकटीने थांबायची माझी तयारी होती, पण मला सोडून हे काही गेले नसते. आणि मला जायचं होतं. फार जायचं होतं.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ह्यांची शाळा भरायची. माझ्या पायाची खूण अर्ध्या इंचाने पुढे सरकायची. चौदा झाले. मग हे म्हणाले, "दोन इंच तर तुझ्या साडीनेच खाल्लेत." दुसऱ्या दिवशी घेरदार सलवार शिवून आणली. साठी उलटल्यावर सलवार! मी पहिले दोन दिवस पडदे ओढून घातली. तिसऱ्या दिवशी शेजारीण अचानक दारात आली, वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "छन्नागिदे री!" छान दिसतंय म्हणाली, तरी मी दिवसभर तोंड फुगवून बसले. पण सोळा इंच झाले, हे खरं.

मला मात्र एक गोष्ट सारखी खटकत होती. "अहो, ही जमीन जागची हलत नाही," मी म्हटलं. "बोट हलेल ना? मला झोपाळा सोडून द्या. त्याच्यावर सराव करते."

"अजिबात नाही," हे म्हणाले. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी चढवला.

आमच्या हॉलमध्ये झोपाळा आहे, सागवानी पाट आणि पितळी कड्यांचा. लग्न करून आले तेव्हापासून तो माझा. ह्यांनी खाली शिवायचं आणि मी वर झोपाळ्यावर बसून हुक लावायचे, हातशिलाई करायची. मी पडल्यावर ह्यांनी तो कापडाच्या पट्टीने खिडकीच्या गजाला बांधून टाकला, मला धक्का लागू नये म्हणून. दोन वर्षं तो तसाच भिंतीला चिकटून होता.

ह्यांनी नाही म्हटल्यावर मी काय ऐकते! दुपारी तीनला हे दुकानात गेले की मी गाठ सोडायची. काठीने झोपाळ्याला हलका झोका द्यायचा आणि खिडकीचा गज धरून त्याच्यावर पाय ठेवायचा प्रयत्न करायचा. पहिल्या दिवशी पाटाने नडगीवर असा फटका दिला की अय्यो, डोळ्यांपुढे काजवे चमकले. नेहमीचीच माझी घाई. चार दिवस मार खाल्ल्यावर लक्षात आलं की झोका आपल्याकडे येतो आणि परत फिरायच्या आधी एक क्षण थबकतो. त्या क्षणी पाय टाकला की काही होत नाही. बाकी सगळा वेळ नुसतं उभं राहायचं. ते उभं राहणंच मला जमत नव्हतं. दहाएक दिवसांनी जमायला लागलं.

साडेचारच्या आत मी झोपाळा परत बांधून ठेवायची. खालून कळायची भीती नव्हती. पहिले एक-दोन दिवस शिलाई मशीन चालू असायचं, मग तीन वाजले की आवाज बंद होऊ लागला. वय झालं, लागत असेल डुलकी, असं मी मनात म्हटलं. एक वैताग तेवढा होता. त्याच सुमाराला ह्यांनी जुनी गादी पिंजायला द्यायची म्हणून हॉलमध्ये आणून टाकली, ती नेमकी झोपाळ्याशेजारी. "उचला ती," म्हणून मी रोज भांडायची. "उद्या," हे म्हणायचे.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटचं माप झालं, सतरा. "एक इंच ओढून घेऊ," हे म्हणाले, पण चेहरा पडलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी मोटारीने कोचीला गेलो आणि जहाजात चढलो. तिथे सपाट फळी होती, काही त्रास झाला नाही. पुढच्या सकाळी जहाज थांबलं. लांब एक हिरवी रेघ दिसत होती, तेच बेट. आम्हाला केशरी जाकिटं घालून खालच्या मजल्यावर नेलं. तिथे जहाजाच्या कुशीत पाण्याच्या जवळ एक दार होतं आणि दाराबाहेर ती लहान बोट.

अठरा इंच कसले नि काय कसले! बोट जहाजाला अगदी चिकटून होती, मध्ये वीतभरसुद्धा फट नव्हती. पण ती वर-खाली होत होती. आत्ता उंबऱ्याच्या बरोबरीला, की लगेच दोन हात खाली. दोन खलाशी बोटीत उभे होते आणि येईल त्याला काखेत हात घालून उचलून आत घेत होते. धडधाकट माणसांनासुद्धा.

अधिकाऱ्याने माझी काठी बघितली आणि ह्यांना इंग्रजीत विचारलं, "यांना जमेल?"

"सेव्हन्टीन, सर," हे म्हणाले.

त्या बिचाऱ्याला काय कळणार? माझं वय विचारलं असं ह्यांना वाटलं की काय, अशा नजरेने तो बघत राहिला. तेवढ्यात बोट धप्पकन खाली गेली. ह्यांनी माझा दंड धरला. "राहू दे गं," हे म्हणाले. "नको. आपण दोघं वरच थांबू. इथूनही दिसतंय की समुद्र."

"सोडा," मी म्हटलं.

अधिकाऱ्याला म्हटलं, मला दोन मिनिटं द्या, आधी बाकीच्यांना जाऊ दे. तो बरा माणूस होता, घड्याळ न बघता "जरूर" म्हणाला. मी दाराशी उभी राहून नुसती बोट बघितली. आली वर, थबकली, गेली. आली, थबकली, गेली. माझा झोपाळाच, फक्त आडवा हलायच्या ऐवजी उभा हलणारा. पाच-सहा माणसं उतरली, तोवर मला त्याची लय सापडली होती.

खलाशी हात पसरून पुढे झाला. मी मान हलवली. उचलायचं नाही, फक्त हात दे, असं खुणेने सांगितलं. त्याने एक मनगट पुढे केलं, दुसऱ्याने दुसरं. काठी अधिकाऱ्याच्या हातात देऊन मी ती दोन्ही घट्ट धरली. बोट वर आली, मी थांबले. परत आली, मी थांबले. माझी मी, आयुष्यभर घाई केलेली, थांबले! तिसऱ्यांदा ती उंबऱ्याशी येऊन थबकली आणि मी पाय टाकला. दुसरा पाय आपोआप मागून आला. खाली बसले तेव्हा मी खदाखदा हसत होते. बोटीतली माणसं टाळ्या वाजवत होती. दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं, दुसरं काय सांगू.

वर बघते तर हे दारातच.

एका हाताने कठडा धरलेला आणि दुसऱ्या हाताने गळ्यातली टेप चाचपडत होते. ती तिथे नव्हतीच, केशरी जाकीट होतं. दोन्ही पाय शाबूत असलेला माणूस पांढराफटक पडला होता. तेव्हा मला कळलं, चाळीस वर्षं मंगळूर का झालं नाही ते.

"अहो, खाली बघू नका, माझ्याकडे बघा!" मी भर बोटीत ओरडले. "मी सांगेन तेव्हा यायचं. थांबा. थांबा. हं, आता!"

कसले येतायत! दोन वेळा "आता" झालं तरी पाय उचलला नाही. तिसऱ्या वेळी डोळे मिटून आले, तेही उशिरा. खलाशांनी वरच्यावर झेललं आणि गाठोडं ठेवावं तसं माझ्याशेजारी आणून ठेवलं. किनारा येईपर्यंत ह्यांनी माझा हात सोडला नाही. मीही चिडवलं नाही. म्हणजे, फार नाही.

बेटावर पाणी इतकं नितळ होतं की पायाची नखं दिसत होती. किनाऱ्याशी घोटाभर पाण्यात मी सलवारीसकट फतकल मारून बसले. शेजारी हे बसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. एक लाट आली, कंबरेच्या वर भिजवून गेली. आता सांगून टाकावं असं मला वाटलं.

"मी झोपाळा सोडत होते," म्हटलं. "रोज दुपारी. तुम्हाला न सांगता."

"माहीत आहे," हे म्हणाले.

"कसं?"

"गाठीवरून. मी बांधतो ती गाठ वेगळी, तू बांधतेस ती वेगळी. चाळीस वर्षं तुझ्या हातचे टाके बघतोय, एवढं कळणार नाही?"

मला ती गादी आठवली. पिंजाऱ्याकडे ती कधी गेलीच नव्हती.

"मग अडवलं का नाही?"

"अडवून तू थांबली असतीस?"

"आणि खाली खुशाल डुलक्या काढत होतात! मी पडले असते तर?"

"डुलक्या कसल्या," हे म्हणाले. "मशीन चालू असलं की वरचं ऐकू येत नाही. म्हणून बंद करून बसायचो."

मी वर ह्यांना फसवल्याच्या आनंदात, आणि हे खाली हातातलं काम टाकून छताकडे कान लावून बसलेले. रोज. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत, तिथे सगळं खारंच होतं.

बोटवाल्याने परत निघायची शिट्टी वाजवली. वाळूत इतकं खाली बसल्यावर माझ्या गुडघ्याने उठता येणं शक्य नव्हतं, हे बसताना लक्षातच आलं नव्हतं. हे उठले, हात झटकले आणि माझ्यासमोर येऊन घुटमळत उभे राहिले.

"उचलू का?" ह्यांनी विचारलं.

"उचला," मी म्हटलं.