नंदूदादांचा एकवीस इंची बॉक्स

नंदूदादांचा बॉक्स चुकला नव्हता.
खोटं मी बोललो होतो.

आज दादांना जाऊन वर्ष झालं. बाकीचे आज त्यांच्याबद्दल चांगलं लिहितील. मला आधी माझी घाण साफ करायची आहे.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. नंदूदादा वसईजवळच्या गास गावचे. घरची शेती, आणि डोक्यात सतत सबवूफर. आमच्या साउंडच्या लाइनमध्ये कोणी मोठा स्पीकर घेतला की बॉक्सचं माप काढायला त्यांच्याकडेच जायचा.

गणित लॅपटॉपवर करायचे, पण विश्वास फक्त भातावर. शिजवलेलं नव्हे हो, शेतातलं. स्पीकर बसवायच्या आधी बॉक्स उताणा पाडायचा, पोर्टची फट बंद करायची आणि आत मापाने भात ओतायचं. किती मावलं त्यावरून आत हवा किती राहणार ते कळतं, म्हणायचे. सुतार चुकेल, टेप चुकेल, भात नाही चुकणार.

आम्ही हसायचो. साउंडवाला आहे की रेशनवाला?

तीन वर्षांपूर्वी मी दोन एकवीस इंची स्पीकर घेतले. दादा आठ दिवस मापावर बसले होते. पोर्ट म्हणजे बॉक्सच्या खालची लांब फट, आतली हवा तिथून बाहेर येते आणि खालचा बास देते. त्या फटीची लांबी आणि आतली जागा एकमेकांना जुळली तरच स्पीकर जगतो, हे मला त्यांनी दहा वेळा सांगितलं. बॉक्सची खोली बोटभरही कमी करू नकोस, हेही सांगितलं.

सुतार फुलपाड्यातला, माझ्याच गल्लीतला. टेम्पोत मोजून बघितलं तर दोन बॉक्स बसेनात. चार इंच जास्त.

मी म्हटलं, मागून चार इंच काप.

दादांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सगळं पहिल्यापासून मांडलं असतं, आणि चांदीप गावातल्या लग्नाच्या हळदीची ऑर्डर आठवड्यावर आली होती. भात ओतायलाही बोलावलं नाही. चार इंचांनी काय होतंय, हा माझा अतिशहाणपणा.

बॉक्स कापला, त्याच्याबरोबर पोर्टही कापलं गेलं. अँप्लिफायरचं सेटिंग मात्र दादांच्या कागदावरचंच ठेवलं. जो खालचा आवाज आता बॉक्सला पेलणारच नव्हता, तो मी स्पीकरला देत राहिलो.

हळदीला तिसऱ्याच गाण्याला स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, वेड्यासारखा हलायला लागला. मग खडखड, मग जळका वास. दोन्ही स्पीकर गेले.

नवऱ्याचा काका म्हणाला, डबे आणलेस काय रे? अख्खा मांडव हसला.

मी तिथेच मांडवात उभा राहून आमच्या साउंडवाल्यांच्या ग्रुपवर टाइप केलं.
"नंदूदादांचं डिझाइन फेल. दोन्ही स्पीकर उडाले. सांभाळून राहा."

एका दिवसात ते वसईपासून विरारपर्यंत फिरलं. दादा दादा करणारेच 'भातवाला इंजिनिअर' म्हणायला लागले. त्यावर मी हसायचा इमोजी टाकला होता. हो, मीच.

दादांचा फोन आला. बॉक्स पाठव, बघतो म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचेना. पाठवला. स्वतः गेलो नाही.

चार दिवस सारखा ग्रुप उघडून बघत होतो. आता हे ग्रुपवर लिहिणार, आपली इज्जत जाणार.

बॉक्स परत आला. दादा काहीच बोलले नाहीत.

सुटलो, असं वाटलं मला. खरंच तेवढंच वाटलं.

त्यानंतर त्यांच्याकडे माप काढायला कोणी गेलं नाही. लॅपटॉप कपाटात गेला. सोपाऱ्याच्या बाजारात ते भाजी घेऊन बसलेले दिसले, तर मी दुसऱ्या गल्लीतून गेलो. दोनदा.

आज सकाळी गासला गेलो. दारात उभा राहूनच वहिनींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या घालतील. त्या शांतपणे म्हणाल्या,

"ह्यांना म्हाईत होतं. भात ओतलं तवाच कळलं, पेटी कापलेली हाय."

मग ग्रुपवर का नाही लिहिलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी मागे लागले होते लिहा म्हणून, ऐकलं नाही.

"म्हनाले, पोराचा धंदा नवीन हाय, लिवलं तर बसंल. तो येईल सांगायला."

दोन वर्षं वाट बघितली दादांनी.
फुलपाड्याहून गास बाइकवर अर्धा तास आहे.

वहिनींनी चहा दिला. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मागायचं माझंही तोंड नव्हतं.

तर साउंडवाल्यांनो, नीट वाचा. डिझाइन बरोबर होतं. बॉक्स मी कापला. नाव मी त्यांचं घेतलं.

माझी ती पोस्ट ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवली होती, त्यांनी आज ही पण पाठवा.

नंदूदादा, मी आलो नाही.
मान खाली घालून श्रद्धांजली.