सासूबाईंच्या मोन शेवया

आमच्या सासूबाई, लमोम, बाजारात तांदळाच्या शेवया विकतात. थाईत त्यांना खनोम चीन म्हणतात. गिऱ्हाईक "खनोम चीन द्या" म्हणालं की यांची गाडी सुरू.

"चिनी खाऊ वाटला होय तुम्हाला? चिन्यांचा काय संबंध! शब्द आमचा, मोन लोकांचा. 'चिन' म्हणजे आमच्यात शिजलेलं. शेवया वर आल्या की चुलीपाशी बसलेली बाई 'चिन' म्हणून ओरडायची. तुम्ही थाई लोकांनी शेवयाही उचलल्या नि शब्दही!"

मी थाई. लग्न होऊन आल्यापासून हेच ऐकतेय, कान किटले माझे.

खरं दुखणं वेगळंच होतं. मे क्लोंग नदीकाठच्या आमच्या गावात त्यांच्याशी मोन बोलणारं कुणी उरलं नाही. माझ्या नवऱ्याला जेमतेम कळतं. राहिली सासूबाईंची एक धाकटी बहीण, सइंग, तीही बँकॉकला. शाळेत पोरं मोन म्हणून चिडवायची, तेव्हापासून तिनं ती भाषा टाकली ती टाकलीच.

"एकदा तरी तिच्याशी आपल्या भाषेत बोलायचंय गं," सासूबाई मला म्हणायच्या. फार जीव तुटायचा त्यांचा.

यंदा सोंगक्रानला, थाई नववर्षाच्या सणाला, सइंगमावशी आल्या. सासूबाईंनी तांदूळ आधीच आंबत घातले होते. पीठ कांडून, मळून झालं. साचा घेऊन त्या कढईपाशी बसल्या आणि बहिणीला मुद्दाम झारा देऊन समोर बसवलं. शेवया उकळत्या पाण्यात पडल्या, वर आल्या. सासूबाई बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"झाल्या की गं ताई, काढू?" मावशी थाईत म्हणाल्या.

"काढ."

सासूबाईंचं इतकं पडलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. मला मावशींचा असा राग आला! एक शब्द बोलल्या असत्या तर काय झिजल्या असत्या?

पुढच्या घाण्याला मावशींच्या हातावर उकळतं पाणी उडालं. त्या "आई गं" म्हणून किंचाळल्या, मोनमध्ये. सासूबाई तापात आईला हाक मारतात, अगदी तीच हाक.

सासूबाई साचा टाकून धावल्या. रांजणातलं गार पाणी बहिणीच्या हातावर ओतत त्यांनी हळूच मोनमध्ये काहीतरी विचारलं. फार भाजलं का, असंच असणार.

"नाही ताई, फारसं नाही," मावशी म्हणाल्या. थाईत.

म्हणजे प्रश्न कळला होता. सासूबाई हात सोडेनात. पाणी ओतता ओतता त्यांनी पुन्हा विचारलं, मोनमध्येच.